पाठीकडून पोटाकडे

आमच्याकडे पोटुशी बाईने कमरेला आकडी बांधायची नाही. आकडी म्हणजे लाकडाची वाकडी खुंटी. तिला दोरी ओवून ती कमरेमागे बांधायची आणि तिच्यात कोयता अडकवायचा, म्हणजे झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. आमच्या कापडे गावात माझ्या लहानपणी आकडीशिवाय रानात जाणारा माणूस सापडला नसता. पण दिवस गेलेल्या बाईला ती वर्ज्य. पाठीशी टेकलेलं पातं आतल्या जिवाला लागतं, असं म्हणत. या नेमाला एक सूट होती, आणि ती आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. घरात बाप्या नसेल, म्हणजे काम करणारा पुरुष माणूसच नसेल, तर बाईला दोष नाही. रानात कोणीतरी गेलंच पाहिजे, चूल काही थांबत नाही. पण घरात बाप्या असताना बाई कोयता लावून गेली, तर ती तिची मस्ती समजायची.

आमच्या घरात बाप्या होता. तो मी.

वडील मी पाचवीत असताना गेले. थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता. आषाढाच्या तोंडावर लावणीला आणि मग शिमग्याला, असा वर्षातून दोनदा घरी यायचा. उरलो आई, वहिनी आणि मी. मी अकरावीत होतो, तेव्हा एस.एस.सी. अकरावीलाच असायची. आमच्या भावकीत तोवर कोणी एस.एस.सी. झालेलं नव्हतं, त्यामुळे माझे लाड विचारू नका. बसलो की ताट समोर, उठलो की हातावर पाणी. पोरगा शिकतोय, त्याच्या डोक्याला त्रास नको, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. डोक्याला नको म्हणता म्हणता तो हातापायांनाही नकोसा झाला. शेतकऱ्याचा मुलगा असून त्या वर्षी मी कोयत्याला हात लावला नव्हता, आणि त्याचं मला काहीच वाटत नव्हतं.

पौषात आईची बहीण आजारी पडली म्हणून आई चार दिवसांसाठी बिरवाडीला गेली. जाताना मला एक काम सांगून गेली. पावसाआधी भाताचं रोप टाकायचं तर ती जमीन भाजावी लागते, आणि भाजायला हिवाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून वाळत घालाव्या लागतात. त्या फांद्यांना आम्ही कवळ म्हणतो. आमच्या वाटणीची आठ-दहा झाडं डोंगराच्या वरच्या अंगाला होती. "मी येईपावेतो कवळ तोडून ठेव रे," आई म्हणाली, "नायतर यंदा रोप कशात टाकनार?"

मी हो म्हटलं आणि भूमितीचं पुस्तक उघडलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ओट्यावर आली. तिला सातवा महिना होता. माझ्यापेक्षा ती दोन वर्षांनी मोठी असेल, जास्त नाही. हसरी होती, आणि माझ्या अभ्यासाची टिंगल करण्यात पटाईत. मी पाठांतर करताना ओठ हलवतो म्हणून मला शेळी म्हणायची.

"भावजी, कवळ?" तिने विचारलं.

"उद्या."

"उद्या आत्याबाई येतील. ऱ्हाऊ द्या, तुमी आपला रवंथ करा. मी बघते."

मी वर पाहिलं तेव्हा ती कमरेला आकडी बांधत होती. पोट पुढे आलेलं असल्यामुळे दोरी नेहमीच्या जागी बसेना, म्हणून तिने ती पोटाखालून घेऊन मागे गाठ मारली. हे मी पाहिलं. पुस्तक मिटून उठायला किती वेळ लागला असता? मी पान उलटलं. ती दोन दिवस जात होती, आणि दोन्ही दिवस मी ओट्यावर होतो.

आई आली, कवळीचा ढीग पाहिला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. शिकून पण हात विसरला नाय माझा पोर, असं शेजारच्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. चुलीपुढे वहिनी भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे पाहून फक्त भुवया उडवल्या. मला हसू आलं. मी ते कौतुक घेतलं, आणि त्या दिवशीची भाकरीही नेहमीपेक्षा एक जास्त खाल्ली.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तिचं माहेर रायगडच्या पायथ्याला, हिरकणीवाडीला. तिचा भाऊ तिला न्यायला येणार होता, पण त्याच्या आधीच, माघ निम्मा झाला तोच तिला कळा सुरू झाल्या. आठवा महिना नुकता संपत होता. मुलगा झाला. घरातून कोणी हसत बाहेर आलं नाही. सुईण आली ती थेट हात धुवायला गेली.

मी बाळाला दुसऱ्या दिवशी पाहिलं. तोंड देखणं होतं, हातपायही बरे. पण पोटाला मांसच नव्हतं. म्हणजे कातडी होती, पण तिच्याखाली पोट धरून ठेवायला जे असतं ते नव्हतं. कातडीला भिजलेल्या फडक्यासारख्या सुरकुत्या होत्या, पोट दोन्ही कुशींकडे ओघळलेलं, आणि आत आतडं सरकताना वरून दिसायचं. सुईणीने त्याला छातीपासून मांड्यांपर्यंत जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून ठेवलं होतं. दूध तो थोडं ओढायचा. पण त्याला रडता येत नव्हतं. रडायला पोटाचा जोर लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तोंड उघडायचा, लाल व्हायचा आणि मांजरीच्या पिलासारखा बारीक आवाज यायचा, तोही शेजारच्या खोलीत पोचायचा नाही.

शेजारच्या खोलीत मी अभ्यास करत होतो. आता हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. घरात तान्हं मूल आहे, आता अभ्यासाचं वाटोळं होणार, अशी मला आधीपासून धास्ती होती. तसं काही झालं नाही. घर शांत होतं. त्या शांततेबद्दल मी मनात देवाचे आभारही मानले. एकोणीस दिवस ते मूल पलीकडे रडत होतं आणि अलीकडे माझा इतिहास पाठ होत होता. पोलादपूरच्या दवाखान्यात एकदा नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिली, पुन्हा बांधली आणि मुंबईला न्यायला सांगितलं. मुंबईला नेणार कोण? विसाव्या दिवशी सकाळी ते गेलं. माझ्या पेपरांना चार दिवस राहिले होते.

मी महाडला जाऊन पेपर दिले, चांगले दिले. परत आलो तर शिमग्यासाठी मुंबईहून भाऊ आलेला, आणि दुसऱ्याच दिवशी देवळात गावकी बसलेली. वहिनी आकडी लावून वरच्या अंगाला चढताना शेजारच्या एका बाईने पाहिली होती. सुईणीने बाळाचं पोट पाहून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हा पात्याचा घाव आहे, आतल्या आत मांस कापलं गेलंय. दोन गोष्टी जुळायला कितीसा उशीर? आईचं तर ठरलंच होतं. नातू गेला होता तिचा. तिचं दुःख खोटं नव्हतं, पण ते तिला कोणाच्या तरी माथ्यावर ठेवायचं होतं.

वहिनी देवळाबाहेर खांबापाशी उभी होती. ओल्या अंगाची बाळंतीण, तिला कोणी बस म्हटलं नाही. हिरकणीवाडीहून आलेला तिचा भाऊ एका कडेला मान खाली घालून बसला होता. गावकीतल्या म्हाताऱ्याने विचारलं, "कमरेला आकडी बांधली व्हतीस?"

"व्हय."

"कशापायी?"

मला वाटलं, आता ती कवळीचं नाव घेणार, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळणार.

"शेळीला पाला व्हवा व्हता," वहिनी म्हणाली.

म्हातारा माझ्याकडे वळला. "तू व्हतास ना रे घरात?"

"होतो," मी म्हटलं.

"मंग पाला तू नसतास आनला?"

"आणला असता."

दोन्ही उत्तरं मी स्पष्ट आवाजात दिली. शिकलेल्या मुलाला शोभतील अशी. ती ऐकल्यावर विचारण्यासारखं काही उरलंच नाही: घरात बाप्या होता, तो पाला आणायला तयार होता, आणि तरी ही बाई शेळीसाठी कोयता लावून हिंडली. म्हाताऱ्याने गवताची एक काडी माझ्या भावाच्या हातात दिली. भावाने वहिनीकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं, आणि काडी मोडली. आमच्यात काडीमोड म्हणजे एवढंच, एक टिचकीएवढा आवाज. दुपारी वहिनी तिच्या भावाच्या मागून माहेरी चालत गेली. मी ओट्यावर बसलो होतो. तिने जाताना आईच्या पायांवर डोकं ठेवलं, आईने पाय मागे घेतले.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झालो आणि आईने गावात साखर वाटली. पुढच्या वर्षी भावाचं दुसरं लग्न झालं.

मध्ये काही वर्षं गेली. मी इकडेतिकडे कारकुनी केली. मग महाडला नवं कॉलेज निघालं आणि तिथल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. काचा धुवायच्या, बेडूक पकडून आणायचे, बाटल्यांतलं औषध बदलायचं. आमचे सर देशावरचे, महाडच्या दमट हवेला रोज शिव्या घालणारे, पण शिकवण्यात प्रामाणिक. एका वर्षी त्यांनी कोंबडीच्या अंड्यातलं पिल्लू दिवसादिवसाने कसं घडतं ते मुलांना दाखवायचं ठरवलं. बाजारची अंडी त्याला चालत नाहीत. ज्या घरात कोंबडा हिंडतो तिथलीच लागतात. अंडी मी कापड्याहून आणायला लागलो. उबवायचं यंत्र होतं, पण वीज गेली की अंडी गार. शेवटी मी घरची एक खुडूक कोंबडीच डालग्यात घालून एस.टी.ने आणली आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसवली. पहिल्याच दिवशी तिने सरांच्या अंगठ्याला चोच मारली. सरकारी यंत्रापेक्षा कामाची आहे, म्हणाले.

अंड्यावर पेन्सिलीने तास लिहायचे. वेळ झाली की अंडं कोमट मिठाच्या पाण्यात धरायचं, वरचं कवच कातरीने गोल कापायचं. बलकावर एक पांढुरका डाग तरंगत असतो. त्यावर कागदाची कडी ठेवायची, भोवतीने कापायचं आणि कडीसकट तो पडदा अलगद उचलून काचेवर घ्यायचा. माझा हात यात बसला. दोन दिवसांच्या अंड्यात काळीज उडताना दिसतं, लाल टिंबाएवढं. पाणी गार व्हायला लागलं की ते हळू होतं, मग थांबतं. मुलींना पहिल्यांदा रडू यायचं. मला नाही आलं. मला काय येणार?

त्या दिवशी सरांनी मलाही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. "मोजा," म्हणाले. दीड दिवसाचं पिल्लू. त्याला पिल्लू म्हणायचं एवढंच, बोटाच्या नखाएवढी एक रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे चौकोनी ठोकळे होते, जोडीजोडीने, डोक्याकडून शेपटीकडे लागलेले. पुस्तकात त्यांना कायखंड म्हणतात. मी बारा जोड्या मोजल्या. सर म्हणाले, उद्या दुसरं अंडं उघडाल तर याच्या दुप्पट दिसतील. दर थोड्या वेळाने मागच्या टोकाला एक नवी जोडी तयार होते, घाई नाही, चूक नाही.

"आणि या ठोकळ्यांचं पुढे काय होतं?" एका मुलाने विचारलं.

सरांनी फळ्यावर आडवा छेद काढला. प्रत्येक ठोकळ्याचे भाग पडतात. एका भागाचे मणके आणि बरगड्या होतात. एक भाग पाठीच्या कातडीखाली पसरतो. उरलेल्याचं मांस होतं. त्या मांसातलं थोडं जागच्या जागी राहतं, ते पाठीचं. बाकीचं तिथे थांबत नाही. ते कुशीच्या भिंतीत उतरतं, थराथराने पुढे सरकत येतं, आणि डावीकडचं नि उजवीकडचं पोटावर समोरासमोर येऊन उभं राहतं. तोवर पोट म्हणजे नुसता पातळ पडदा असतो. "पोटाचं मांस पोटात उगवत नाही," सर खडू टाकत म्हणाले. "ते पाठीतून चालत येतं. आणि कधीकधी येतच नाही. निघतं पण पोचत नाही, किंवा पोचून टिकत नाही. अशी मुलं जन्मतात. पोटावर नुसती सुरकुतलेली कातडी."

मी हातातली काच न धुताच खाली ठेवली.

तास संपल्यावर मी सरांना गाठलं. माणसात हे कधी होतं, विचारलं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात निघतं, म्हणाले, आणि तिसरा महिना पुरा होईतो दोन्ही बाजू समोर आलेल्या असतात. मी म्हटलं, समजा सातव्या महिन्यात बाईने पाठीशी कोयता बांधला. सर म्हणाले, "कोयता? अहो, तोवर पोट कधीच बांधून झालेलं असतं. किंवा नसतं. कोयत्याने त्यात काय फरक पडणार?"

"मग कशाने होतं?"

"ते मला माहीत नाही. कोणालाच नीट माहीत नाही."

मी बाटल्यांच्या कपाटामागे जाऊन बोटांवर महिने मोजले. भाऊ लावणीला आला होता. म्हणजे भादवा सरेपर्यंत त्या मुलाच्या पोटाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेव्हा वहिनी चिखलात वाकून आवण, म्हणजे भाताची रोपं, लावत होती, मग बेणणीला तण उपटत होती, आणि सुरुवातीला तर आपल्याला दिवस गेलेत हेही तिला माहीत नव्हतं. पौषात मी ओट्यावर पान उलटलं तेव्हा आत सगळं ठरून चार महिने झाले होते.

मला आनंद झाला. दुसरा शब्दच नाही. वहिनी सुटली असं वाटून नाही. मी सुटलो असं वाटून. कारण शाळेत विज्ञान शिकलो असलो तरी इतकी वर्षं माझाही त्या पात्यावर अर्धामुर्धा विश्वास होताच. माझ्या आळसापायी एक मूल मेलं, हे मी रोज कुठेतरी गिळत होतो. आता ते ओझं उतरलं. त्या संध्याकाळी मी बाजारातून जिलबी घेऊन खाल्ली. वहिनीची आठवण मला जिलबी संपल्यावर आली.

तरी हिरकणीवाडीला जायला मला एक अख्खा पावसाळा लागला. दिवाळीच्या सुट्टीत पाचाडपर्यंत एस.टी.ने गेलो आणि पुढे चालत. पिशवीत प्रयोगवही होती, आकृत्या माझ्या हाताने स्वच्छ काढलेल्या.

वहिनी अंगणात नाचणी पाखडत होती. तिने मला लांबूनच ओळखलं आणि सूप खाली ठेवलं. वाळली होती. केस पुढून पांढरे झाले होते, तिशीसुद्धा उलटली नसेल. "शेळी आली," असं काही ती म्हणाली नाही. "या भावजी," म्हणाली, आणि पदर नीट केला.

ओट्यावर तिची म्हातारी आई बसली होती. घराच्या कुशीला गोठ्यालगत पेंढ्याने शाकारलेला एक झाप होता, आणि त्यात वहिनीची वळकटी, तवा, दोन भांडी दिसत होती. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. "भावजय बाळंत हाय," ती म्हणाली, "महिना झाला. घरात बाळंतीन असली का मी हितं ऱ्हाते." मग साधेपणाने सांगितलं की गावात कोणाच्या बारशाला ती जात नाही, पोटुशी बाई समोरून आली तर वाट सोडते. भावजयीची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही मुलांना तिने ती चालायला लागल्यावरच हात लावला होता. त्याच वेळी आत मूल रडायला लागलं. चांगलं खणखणीत रडत होतं, पोटातून. वहिनी बोलता बोलता थांबली आणि ते रडणं थांबेपर्यंत पुढचा शब्द बोलली नाही.

मी वही काढली. ठोकळे दाखवले, छेद दाखवला. तिला त्या रेघांतलं काय कळणार? मग वही बाजूला ठेवून मी माझेच दोन्ही तळवे पाठीवर टेकवले आणि कुशीवरून हळूहळू पुढे आणून पोटावर जुळवले, मुलाला दुपट्यात गुंडाळतात तसे. हे पहिल्या तीन महिन्यांत होतं वहिनी, म्हटलं. तुझ्या बाळाचं तेव्हाच राहून गेलं होतं. कोयत्याचा काही संबंध नाही.

तिने तिचे हात तसेच पाठीकडून पोटाकडे आणले. दोनदा आणले.

"म्हंजे कवळ तोडायला गेले त्यानं काय झाला नाय?"

"काही नाही."

"तुमच्या वाटची गेले, त्यानं पन नाय?"

"नाही."

तिने मोठा श्वास सोडला. "बरा झाला भावजी. मला तुमचाच घोर व्हता. पोराचा पाप तुमच्या माथ्यावर नको म्हनून मी शेळीचा नाव घेतला. शिकनारा मानूस, जन्मभर मनाला लावून घ्याल."

मला तिच्याकडे बघवेना. मी जे इतकी वर्षं गिळत होतो ते तीही गिळत होती, माझ्या वाटचं. आणि ते मुळात नव्हतंच.

"येक करा," ती म्हणाली. "हा सगळा माझ्या आयेला सांगा. मला घरात घेऊ दे पोराला."

मी ओट्यावर गेलो. म्हातारीसमोर पुन्हा सगळं सांगितलं, हात पाठीवरून पुढे आणून दाखवले. ऐकलं तिने, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "कोंबडीच्या अंड्यात बगून मानसाचं सांगतोस?"

"माणसाचंही तसंच असतं, मावशी."

"आसल. तू शिकलेला. पात्यानं नाय तर नाय."  "पन माझा राग पात्यावर नव्हता रे बाबा. घरात बाप्या आसताना ही कोयता लावून गेली. शेळीसाठी! जिला पोटातल्या पोरापेक्षा शेळी मोठी, तिच्या हातात मी माझा नातू कसा देऊ?"

एवढं पुस्तक मी घेऊन आलो होतो आणि त्यातलं काहीच इथे उपयोगाचं नव्हतं. हवं होतं ते एक वाक्य, आणि ते माझ्याकडे गावकीच्या दिवसापासून होतं. मी अंगणात पाहिलं. वहिनीने सूप उचललं होतं, पण पाखडत नव्हती. ती काही बोलणार नव्हती. तेव्हा बोलली नव्हती, आताही बोलली नसती.

"मावशी," मी म्हटलं, "ती शेळीसाठी नव्हती गेली. आमची कवळ तोडायला गेली होती. ते काम आईने मला सांगितलं होतं. मी ओट्यावर वाचत बसलो. तिने आकडी बांधलेली मी पाहिली आणि उठलो नाही. दोन दिवस उठलो नाही. आणि गावकीत गप्प राहिलो."

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शर्ट, विजार, खिशाला लावलेलं पेन. शिव्या देईल असं वाटलं; दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग घरात बाप्या नव्हता," ती म्हणाली. आणि अंगणाकडे तोंड करून तिने हाक मारली, "जा गो. पोर घे."

वहिनीने सूप खाली ठेवलं. पायावर पाणी घेतलं, पदराला हात पुसले आणि माझ्या शेजारून उंबरा ओलांडून आत गेली. म्हातारी तिच्यामागे गेली. मला कोणी थांब म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. मी वही पिशवीत घातली आणि उतरायला लागलो. परक्या हातात गेल्यामुळे असेल, पोर पुन्हा रडायला लागलं होतं. मी पाचाडच्या रस्त्याला लागेपर्यंत ते ऐकू येत होतं, पोटाचा सगळा जोर लावून.